एका वेलीचे दोन फाटे

पवित्र मिस्साबलिदानात अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू चषकात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचा थेंब मिसळतात. लहानपणापासून आपण हे इतक्या वेळा पाहिलेले असते, की तो द्राक्षारस कुठून येतो, तो कोण पिकवतो, पिकवणाऱ्याच्या घरात काय चाललेले असते, असे प्रश्न मनात सहसा उमटत नाहीत. ख्रिस्तसभेचा कायदा मात्र याबाबत दक्ष आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील ९२४ वे कलम सांगते, की वेदीवरचा द्राक्षारस वेलीच्या फळापासून नैसर्गिकरीत्या झालेला असावा आणि तो नासलेला नसावा. रस नासू नये याची काळजी कायद्याला घेता येते. रस पिकवणाऱ्या घरातील नाती नासू नयेत, ही काळजी मात्र ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

हे मनात येण्याचे कारण म्हणजे रॉबर्ट मोंडावी या अमेरिकन वाइन-उद्योजकाचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र, ‘हार्वेस्ट्स ऑफ जॉय’. उद्योगधंद्याची पुस्तके मी सहसा वाचत नाही. त्यातील माणसे नेहमी जिंकतच असतात आणि वाचणाऱ्याला आपली आयुष्ये उगाचच लहान वाटू लागतात. या पुस्तकाचे मात्र तसे झाले नाही. त्यात जिंकणे आहेच, पण त्याच्या जोडीला एका आईची, दोन भावांची आणि त्यांच्या मुलांची कहाणी आहे. ती वाचताना कॅलिफोर्नियातले डोंगर हळूहळू पुसट झाले आणि आपल्या वसईच्या वाड्या, त्यांचे बांध, त्यातली बावखले डोळ्यांपुढे दिसू लागली.

रॉबर्टचा बाप चेझारे हा इटलीतील मार्के प्रांतातल्या सासोफेर्रातो गावचा. १९०६ साली तो पोटासाठी अमेरिकेत गेला आणि मिनेसोटा राज्यात लोखंडाच्या खाणीत कामाला लागला. गावी परत जाऊन त्याने रोझाशी लग्न केले आणि तिलाही त्या थंड प्रदेशात नेले. रोझाने काय करावे? तिने इटलीहून आलेल्या खाणकामगारांना घरात ठेवून घेतले आणि त्यांचे रांधणे-वाढणे, धुणे-पुसणे केले. मुंबईत गोवेकरांची कुडे आणि कामगारांच्या खाणावळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. मेरी आणि हेलन या दोन मुलींनंतर १९१३ मध्ये रॉबर्ट जन्मला आणि १९१४ मध्ये पीटर.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. तिच्यात दोन वाटा मोकळ्या ठेवलेल्या होत्या. एक, धर्मविधीसाठी लागणारा द्राक्षारस. नापा खोऱ्यातील ब्यूल्यू या वाइनरीचा मालक जॉर्ज द लातूर याने सॅन फ्रान्सिस्कोच्या महाधर्मप्रांताशी असलेल्या संबंधांच्या जोरावर वेदीवरचा द्राक्षारस पुरवला आणि ज्या काळात शेजारच्या वाइनरीज बंद पडत होत्या, त्या काळात आपली टिकवली. दुसरी वाट अशी, की प्रत्येक कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, फळांचा रस घरगुती वापरासाठी करून ठेवता येत असे. मिनेसोटातल्या इटालियन मंडळींनी या सवलतीचा लाभ घ्यायचे ठरवले आणि चांगली द्राक्षे आणण्यासाठी चेझारेला कॅलिफोर्नियाला धाडले. तिथली हवा त्याला आपल्या गावासारखी वाटली असावी. बायकामुलांना घेऊन तो लोडाय या गावी येऊन राहिला आणि द्राक्षे पेट्यांत भरून पूर्वेकडे पाठवण्याचा धंदा त्याने मांडला. रॉबर्ट आणि पीटर या दोघा पोरांचे सुट्टीतले काम म्हणजे लाकडी पेट्यांना खिळे ठोकणे. आपल्याकडे केळीचे लोंगर उतरवून वखारीत लावणारी, पानांच्या चवडी मोजणारी भावंडे जशी घामाघूम होत, तशीच ती दोघे शेजारी बसून हातोडी चालवत. रॉबर्टला त्यातही पीटरपेक्षा जास्त पेट्या करायच्या असत.

पुढे रॉबर्ट स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला. पीटरनेही तिथेच पदवी घेऊन नंतर वाइन तयार करण्याचे शास्त्र शिकून घेतले. १९४३ साली नापा खोऱ्यातील सेंट हेलेना येथली चार्ल्स क्रूग ही १८६१ साली स्थापन झालेली जुनी वाइनरी विकायला निघाली. वडील सावध होते. रॉबर्टने गळ घातली आणि मोंडावी घराण्याने ७५ हजार डॉलरला ती विकत घेतली. दोघा भावांनी मिळून ती चालवावी, ही बापाची इच्छा. रॉबर्टने बाहेरची बाजू सांभाळली, पीटरने आतली. द्राक्षाचा रस आंबताना तापतो आणि फार तापला की त्याचा सुगंध उडून जातो. तो थंड राखून आंबवण्याच्या पद्धतीत पीटर त्या खोऱ्यातील अग्रणींपैकी एक होता. एकाला माल विकायची हौस, दुसऱ्याला माल निर्मळ राखायची काळजी. खरे म्हणजे देवाने दोन हात द्यावेत तसे हे दोन भाऊ त्या घराला दिले होते.

१९५९ मध्ये चेझारे वारला. बाप असेपर्यंत भावांची भांडणे अंगणातच राहतात, बाप गेला की ती वेशीपर्यंत पोहोचतात, हे आपल्या प्रत्येक धर्मग्रामाने पाहिले आहे. घराची सूत्रे रोझाकडे आली. पण तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही मुलांतले अंतर वाढत गेले. रॉबर्ट प्रवासावर, जाहिरातीवर, पाहुणचारावर पैसे उधळतो, असे पीटरला वाटे. पीटर पाऊल पुढे टाकू देत नाही, असे रॉबर्टला वाटे. मग एकदा रॉबर्टला व्हाइट हाउसमधील मेजवानीचे निमंत्रण आले आणि त्यासाठी त्याने पत्नीला मिंकच्या कातड्याचा एक भारी कोट घेऊन दिला. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये घरची सारी मंडळी जमली असताना पीटरने या खर्चावर बोट ठेवले आणि पैसे धंद्यातून तर घेतले नाहीत ना, असा अर्थ निघेल असे काही तो बोलला. शब्द मागे घे, असे रॉबर्टने सांगितले. पीटरने घेतले नाहीत. तेव्हा ५२ वर्षांच्या रॉबर्टने ५१ वर्षांच्या धाकट्या भावावर हात टाकला.

एका कोटाचे ते निमित्त. आपल्याकडे हातभर बांध, एखादे नारळाचे झाड, विहिरीवरची पाण्याची पाळी, आजीच्या गळ्यातले एखादे डोरले एवढेच निमित्त पुरते. भांडण त्या वस्तूचे नसतेच. आपल्याला कधी पुरते मानले गेले नाही, ही जी जुनी सल असते, ती एक दिवस एखाद्या वस्तूला धरून वर येते. काईनाचे भांडणही अर्पणाच्या धान्यावरून नव्हतेच.

घराने पीटरची बाजू घेतली. रॉबर्टला सहा महिन्यांच्या सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि त्याच्या थोरल्या मुलाला, मायकलला, घरच्या व्यवसायात जागा देण्यासही नकार मिळाला. ज्या वयात माणसे निवृत्तीची गणिते मांडू लागतात, त्या वयात रॉबर्ट रस्त्यावर आला. त्याने मित्रांकडून भांडवल गोळा केले आणि १९६६ साली त्याच खोऱ्यात, ओकव्हिल येथे, स्वतःची वाइनरी उभी केली. दारूबंदी उठल्यानंतर नापामध्ये नव्याने बांधलेली ती पहिली मोठी वाइनरी. इमारत पुरी होण्याआधीच त्याने पहिल्या हंगामाची द्राक्षे गाळली. आडनाव तेच राहिले, पण उच्चारही फुटला. क्रूगची मंडळी ‘मोंडेवी’ म्हणत राहिली, रॉबर्ट इटालियन वळणाने ‘मोंडावी’ म्हणवून घेऊ लागला.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो असताना हा सारा मुलूख पाहण्याचा योग आला. ओकव्हिलची ती वास्तू फ्रान्सिस्कन मिशनच्या धर्तीची आहे. रुंद कमान, बाजूला मनोरा, मागे द्राक्षमळे आणि त्यामागे डोंगर. वास्तुशिल्पी क्लिफ मे याने ती तशी मुद्दामच योजली. १७६९ पासून फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी त्या किनाऱ्यावर मिशन्स उभारली आणि मिस्सेसाठी द्राक्षवेल तिथे नेला. त्या मिशन्सचे प्रवर्तक जुनिपेरो सेरा यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये संतपद दिले. तिथल्या मूळ रहिवाशांना मिशनच्या काळात काय सोसावे लागले, याचीही चर्चा तेव्हा झाली आणि ती व्हायला हवीच होती. कमानीपाशी हात पसरून उभा असलेला संत फ्रान्सिसचा पुतळा आहे. शांतीच्या त्या संताला पाहून आम्ही पुढे निघालो आणि त्याच रस्त्याने उत्तरेकडे दहा-बारा किलोमीटर गेलो, तर क्रूग वाइनरी आली. मी मुलीला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, “एवढेच अंतर?” निर्मळहून पापडीला जावे तसा रस्ता. इतक्या जवळ राहून दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे दुरावलेले राहिले.

रॉबर्टच्या यशाची कथा जगाने सांगितली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. त्याने तापमान आवरता येणारी पोलादी पिंपे बसवली, फ्रान्सहून ओकच्या लाकडाची पिंपे आणली. सोव्हिन्यों ब्लां जातीच्या द्राक्षाची वाइन खपत नव्हती, तिला त्याने ‘फ्यूमे ब्लां’ हे नवे नाव दिले आणि तिने बाजार जिंकला. वाइनरीचे दरवाजे त्याने लोकांना खुले केले. तिथे संगीत होऊ लागले, पाककलेचे वर्ग भरू लागले. शिकलेले त्याने लपवून ठेवले नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या ज्या दोन वाइन्स पहिल्या आल्या, त्या करणारे वॉरेन विनियार्स्की आणि माइक ग्रगिच हे दोघेही पूर्वी रॉबर्टच्या हाताखाली काम केलेले होते. पुढे त्याने फ्रान्सच्या बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांच्याशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘ओपस वन’ ही वाइन काढली. तिचा पहिला हंगाम १९७९ चा. बाटलीवरच्या चिठ्ठीत दोघांचे चेहरे एकमेकांना लागून आहेत. सातासमुद्रापलीकडच्या परक्याशी त्याचे जमले आणि त्याच रस्त्यावरच्या भावाशी जमले नाही, हे त्या चिठ्ठीकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या समाजात दारूने किती चुली विझवल्या, हे सांगायला आकडे लागत नाहीत. त्यामुळे वाइनच्या व्यापाऱ्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. रॉबर्टचे म्हणणे होते, की वाइन हा जेवणाचा भाग आहे, ती घरच्या मेजावर, आपल्या माणसांबरोबर, बेताने घ्यायची असते. त्याच्या आईच्या मेजावर तशीच चाल होती. नाताळात घरी केलेला द्राक्षारस आजोबांच्या हातून छोट्या पेल्यात घेणाऱ्या आपल्या घरांना ही रीत परकी नाही. नाशिकच्या मळ्यांतून आज जी वाइन होते, तिच्यातही ते कॅलिफोर्नियाचे वळण आहे. १९९९ साली तिथे सुला सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डचेच विद्यार्थी आणि त्यांचे पहिले वाइन-तज्ज्ञ कॅलिफोर्नियाचेच. पण बेताने प्यावे असे जगाला सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या रागाचा आणि महत्त्वाकांक्षेचा बेत सांभाळता आला नाही, ही या जीवनाची खरी व्यथा आहे.

कारण प्रकरण कोर्टात गेले. क्रूगमधील आपल्या वाट्यासाठी रॉबर्ट आणि त्याची आई व भाऊ समोरासमोर उभे राहिले. १९७६ साली निकाल रॉबर्टच्या बाजूने लागला. त्याच वर्षी रोझा वारली. खाणकामगारांच्या पंगती वाढून जिने घर उभे केले, त्या बाईने अखेरच्या वर्षांत आपल्या पोटच्या पोरांचे वकील पाहिले. पुढे तडजोड होऊन रॉबर्टला पैसा आणि जमीन मिळाली, त्यातून तो आपल्या उद्योगाचा पुरता धनी झाला. पीटरने कर्ज काढले, जमिनी सोडल्या, पण क्रूग हातची जाऊ दिली नाही.

त्यानंतर जे घडले, ते एखाद्या प्रवचनकाराने रचावे तसे घडले. रॉबर्टचे मुलगे मायकल आणि टिम यांच्यातही तोच तंटा उपजला. एकाचा कल बाजाराकडे, दुसऱ्याचा वाइनच्या गुणाकडे, म्हणजे पुन्हा रॉबर्ट आणि पीटरच. मुलांना उमेद देण्याऐवजी आपण सतत चुका काढत राहिलो, हे बापाने म्हातारपणी कबूल केले आहे. मळ्यांनाही रोग लागला. फायलोक्सेरा नावाचा बारीक किडा मुळांवर जगतो आणि वेल वरून हिरवा दिसत असतानाच आतून मरू लागतो. ज्या खुंटावर नापातील कलमे बांधली होती, तो खुंट या किडीपुढे टिकला नाही. वेल उपटून नवे लावायचे तर अफाट भांडवल हवे. १९९३ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. पैसा आला आणि त्यामागून बाहेरच्या माणसांचा शब्दही घरात आला. २००४ साली कॉन्स्टेलेशन या बड्या कंपनीने एक अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून ती विकत घेतली. तेव्हा रॉबर्ट ९१ वर्षांचा होता. त्याचे नाव बाटलीवर राहिले, पण वाइनरी घराची राहिली नाही. खटला जो जिंकला, त्याच्या मुलांना पुन्हा शून्यातून आपापले व्यवसाय मांडावे लागले. जो हरला, त्याची क्रूग त्याच्या मुलांच्या हाती गेली.

आणि मग २००५ साली एक लहानशी गोष्ट घडली. दोघा भावांचे बोलणे त्याआधी सुरू झाले होते, कडवटपणा ओसरला होता. पण हातोडी धरून शेजारी बसणारे ते दोन पोरगे पुन्हा कधी एका कामाला बसले नव्हते. नव्वदी गाठलेल्या त्या दोघांनी दोन्ही घरांची द्राक्षे एकत्र करून एकच पिंप वाइन केली. तिला नाव दिले ‘आंकोरा ऊना व्होल्ता’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’. नापाच्या धर्मादाय लिलावात त्या एका पिंपाला चार लाख डॉलरहून अधिक बोली लागली. त्या घराण्याने आयुष्यभरात किती पिंपे भरली असतील! पण मला विचाराल, तर त्या सगळ्यांत हेच पिंप बापाच्या इच्छेप्रमाणे भरले गेले. २००८ साली रॉबर्ट ९४ व्या वर्षी वारला, २०१६ साली पीटर १०१ व्या वर्षी.

कुणी म्हणेल, भांडण झाले म्हणूनच रॉबर्ट मोठा झाला. प्रभूनेच योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे ना, की फळ देणाऱ्या फाट्याची छाटणी होते. या युक्तिवादाचा मी पुष्कळ विचार केला. छाटणी करणारा तिथे पिता आहे. भाऊ भावाला छाटतो, तेव्हा त्याला छाटणी म्हणत नाहीत. रॉबर्टच्या कष्टांतून देवाने फळ काढले, ही देवाची कृपा. तिचे श्रेय त्या मारलेल्या हाताला देता येणार नाही.

पण एकत्रच राहिले पाहिजे, असाही माझा हट्ट नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम आणि लोट यांची गुरे वाढली, गुराख्यांत तंटे होऊ लागले, तेव्हा अब्राम वडीलधारा असूनही पुतण्याला म्हणाला, की सारा देश समोर आहे, तू आधी निवड, मी उरलेल्या बाजूला जाईन. लोटाने पाण्याची हिरवी बाजू घेतली. अब्रामाने कुरकुर केली नाही आणि पुढे लोटावर संकट आले, तेव्हा त्याला सोडवायला तोच धावला. वाटणी व्हावी तर अशी. वेगळी चूल मांडणे हे पाप नाही. वेगळी चूल मांडून एकमेकांच्या चुलीतला विस्तव विझावा अशी इच्छा धरणे, हे पाप आहे.

वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून अशी घरे मी पाहतो आहे. आमच्याच भागात दोन भाऊ आहेत. रविवारी एकाच मिस्सेला येतात, एकाच वेदीसमोर रांगेत उभे राहून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि शांतीचे अभिवादन करताना मात्र एक डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे. दोघेही सज्जन आहेत. दोघांच्याही हाती खटल्याचे कागद आहेत आणि दोघांचेही कागद खरे आहेत. त्यांची आई मधल्या बाकावर बसते. निकाल कधीतरी लागेल, कुणाच्या तरी बाजूने लागेल. पण आई तोवर असेल का?

मोंडावी बंधूंना आयुष्य लांब मिळाले, म्हणून ४० वर्षे वाया घालवूनही एक पिंप भरायला त्यांच्या हाती वेळ उरला. सगळ्यांना शंभर वर्षे मिळत नाहीत. अर्पण वेदीपाशी आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जावे, असे प्रभूने सांगितले आहे. त्याने वकिलाकडे जा असे सांगितले नाही आणि भावाने आधी यावे, असेही सांगितले नाही. येत्या रविवारी चषकात द्राक्षारस ओतला जाईल, तेव्हा तो निर्मळ असेल, याची खात्री ख्रिस्तसभेने घेतलेली आहे. भावाच्या दारापर्यंतचे चार पावलांचे अंतर मात्र आपले आपल्यालाच चालायचे आहे, आणि ते आई मधल्या बाकावर बसलेली आहे तोवर चालले, तर अधिक बरे.